पेशी स्वच्छ, विषाणू आहे

७ मे, रविवार

आज उपासना संपल्यावर बोलले. व्हालेरिउने शेवटचा आशीर्वाद दिला, गळ्यातला जरीचा लांब पट्टा नीट केला आणि मला मानेने खूण केली. नवरा गावचा पाद्री आहे म्हणून बायकोचं कोणी ऐकत नसतं. माझं ऐकतात, कारण यातल्या निम्म्या बायकांना मी शाळेत इतिहास शिकवलाय. आमच्या कोर्नेत गावच्या बायका फादरचं प्रवचन डोळे मिटून ऐकतात आणि माझं डोळे उघडे ठेवून. हे गर्वाने लिहीत नाही. बरं, थोडं गर्वाने लिहिते.

म्हटलं, येत्या शुक्रवारी तपासणीची गाडी येतेय, शाळेच्या आवारात उभी राहील. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर हा आळशी चोर आहे. वर्षानुवर्षं उंबऱ्यावर बसून राहतो आणि आपल्या देशात तो जितक्या बायका उचलून नेतो तितक्या युरोपात फार थोड्या ठिकाणी नेत असेल. लाजेने मरायचं असेल तर लाज तरी मोठी हवी. ही कसली लाज?

मग समजावलं. एकाच नमुन्याच्या दोन तपासण्या होणार. पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघणार: काही बिघडलंय का. आणि विषाणूचा डीएनए शोधणार: बिघडवणारा आत येऊन बसलाय का. पहिली तपासणी आजचं सांगते, दुसरी उद्याचं. एकीच्या नजरेतून सुटलं तर दुसरीच्या हाती लागतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं सांगितलं. विषाणू निघाला तर घरी जाऊन नवऱ्याची गचांडी धरायची नाही. तो अंगात वीस-वीस वर्षं गप्प झोपून राहतो. कुठून आला, कधी आला, जगातला कुठलाही डॉक्टर सांगू शकत नाही.

मागून तिंका म्हातारी म्हणाली, "माझ्याकडे वीस वर्षं कोणीच झोपलेलं नाही, पाद्रीणबाई. विषाणूसुद्धा नाही."

सगळं चर्च हसलं. व्हालेरिउपण.

१२ मे, शुक्रवार

सगळ्यात आधी मी आत गेले. पुढाऱ्याने आधी स्वतःच्या अंगावर घ्यावं. रमोना नावाची दाई आहे गाडीवर, हात हलका आणि तोंड जड. "पाद्रीणबाई, पाय सैल सोडा, इथे कोणी परीक्षा घेत नाही."

आवारात रांग लागली. स्मरांडाही होती. तिच्याबद्दल इथे लिहिलेलं नाही अजून. इटलीत म्हाताऱ्यांची सेवा करून ती दोन वर्षांपूर्वी परत आली. नवरा तिकडेच वारला, मूलबाळ नाही. चर्चमध्ये वेदीची भाकर आता तीच भाजते. हे काम विधवेकडे किंवा वयस्क बाईकडे असतं; हात स्वच्छ, आयुष्य स्वच्छ, असा नियम. भाकर चांगली होते. भाकरीवरचा शिक्का असा उठतो की अक्षरं मोजावीत. व्हालेरिउ एकदा जेवताना म्हणाला, "स्मरांडाच्या हाताला पीठ ऐकतं." पंचवीस वर्षांत माझ्या हाताला काय ऐकतं ते कधी म्हणाला नाही.

२ जून, शुक्रवार

निकाल आला, अर्धा. पेशी स्वच्छ. डीएनएचे नमुने दुसऱ्या प्रयोगशाळेत जातात, त्यांचा निकाल मागून येणार. ज्या भेटल्या त्या सगळ्यांना सांगितलं. चांगली बातमी लपवायची नसते, त्याने इतरांना धीर येतो.

१९ जून, सोमवार

रमोनाचा फोन. मी चेरी धूत होते.

"पाद्रीणबाई, पेशी स्वच्छ आहेत, विषाणू आहे. बावन्न नंबरच्या जातीचा. सोळा किंवा अठरा असता तर लगेच बोलावलं असतं. तुम्ही एका वर्षाने या. बहुतेकींचा आपोआप निघून जातो. घाबरायचं काही नाही."

"मी कशाला घाबरेन," मी म्हटलं. "मीच तर सगळ्यांना सांगते."

चेरी परत धुतल्या. मग परत.

मला सगळं माहीत आहे. मी ते सांगितलेलं आहे, तोंडपाठ सांगितलेलं आहे. माझ्या आयुष्यात एकच पुरुष आहे. हेही मला माहीत आहे.

२० जून

त्याला सांगितलं नाही. तो राजमा निवडत होता, चष्मा नाकावर. मी त्याच्या हातांकडे बघत बसले. या हातांखाली गावातली प्रत्येक बाई गुडघे टेकून बसते. पापनिवेदनाच्या वेळी तो गळ्यातला जरीचा पट्टा तिच्या डोक्यावरून टाकतो आणि ती त्या अंधारात, त्याच्या पोटाशी तोंड नेऊन, जे नवऱ्याला सांगत नाही ते त्याला सांगते. मला ते सुख नाही. पाद्र्याच्या बायकोने नवऱ्याकडे पापं सांगू नयेत म्हणतात. मी वर मठात जाते, एका बहिऱ्या म्हाताऱ्या साधूकडे.

गावाचं आतडं न् आतडं त्याला ठाऊक. आणि घरात येऊन विचारतो, मीठ कुठंय.

९ जुलै, रविवार

स्मरांडाने भाकर करायची सोडली. शनिवारी तिंकाबरोबर निरोप पाठवला, "आता दुसऱ्या कोणाला तरी सांगा." कारण नाही, काही नाही. आम्ही विचारलं तर तिंका म्हणाली, "मला काय माहीत? ती दार अर्धंच उघडते."

मी केली. भेगा पडल्या. व्हालेरिउने त्याच भाकरीवर उपासना केली. संध्याकाळी म्हणाला, "तिला काही विचारू नकोस. थोडे दिवस जाऊ देत."

"तुला बरं माहीत, तिला किती दिवस हवेत."

त्याने माझ्याकडे पाहिलं. पाद्र्याला चेहरा कोरा ठेवायची सवय असते. आधी मला ती सवय आवडायची.

२६ जुलै

त्याची गाडी स्मरांडाच्या फाटकासमोर. भर दुपारी, सगळ्यांदेखत. मी दळण आणायला चालले होते, त्या रस्त्याने जायची गरज नव्हती. तो तिची लाकडं फोडून परसात रचत होता, झगा काढून, नुसत्या शर्टात. ती ओट्यावर बसलेली, मांडीवर हात, मेणासारखी पांढरी. उन्हाळ्यात काळा जाड घागरा. उठून नमस्कारही केला नाही.

"जुलैत लाकडं?" मी घरी विचारलं.

"हिवाळा येतोच."

"आपली कोण फोडणार?"

"मीच," म्हणाला आणि खरंच फोडायला गेला. त्याच्या अशा वागण्याशी भांडता येत नाही. म्हणून जास्त राग येतो.

९ ऑगस्ट, बुधवार

मेरीमातेच्या सणाआधीचे उपवास चालू आहेत. आज पापनिवेदनं. मी मेणबत्त्यांच्या गल्ल्यावर बसले होते. तिथून सगळं दिसतं, ऐकू काही येत नाही.

बायका आत जातात, चार वाक्यं, सुटका. स्मरांडा सगळ्यात शेवटी आली. त्या पट्ट्याखाली ती इतका वेळ होती की तेवढ्यात तिंकाने आपली सगळी पापं नव्याने केली असती. एकदा तिची पाठ हलली. रडत होती. त्याने पट्ट्यावरून तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि काढला नाही. बाहेर येताना तिने प्रतिमेला ओठ लावले नाहीत. लांबूनच क्रूसाची खूण केली आणि भिंतीच्या कडेने गेली.

रात्री व्हालेरिउ जेवला नाही. म्हणाला, "ओतिलिया, महिन्याच्या शेवटी ते गाडीवाले परत येणार ना? तेव्हा बोल. ज्यांना पुढच्या तपासणीला बोलावलंय त्यांनी जायलाच पाहिजे, हे सांग. जोर लावून सांग. तुझं ऐकतात."

"कोणाला बोलावलंय?"

"मला काय माहीत."

"मग आजच हे का सुचलं?"

त्याने ताट सरकवलं. "मला विचारू नकोस. सांगता येत नाही, आणि सांगता येत नाही हेसुद्धा मी सांगायला नको होतं."

मला काय कळायचं ते कळलं. तिला विषाणू निघालाय. मलाही निघालाय. मधला माणूस समोर बसलाय, आणि त्याला वाटतं मी त्याच्या वतीने भाषण करावं.

१५ ऑगस्ट, मंगळवार. मेरीमातेचा सण

सगळं गाव प्रभुभोजनाला पुढे आलं. व्हालेरिउ चांदीच्या चमच्याने एकेकाला देत होता. स्मरांडा आली नाही. आतही आली नाही, ओसरीत उभी राहिली, उंबऱ्याच्या बाहेर, मधेच खाली बसली. गेल्या तीन रविवारीही ती तशीच उभी होती, आज फक्त सगळ्यांच्या डोळ्यावर आलं. भाकर नाही, प्रतिमेला शिवणं नाही, प्रसाद नाही. पाद्र्याने कोणाला प्रभुभोजन नाकारलं तर गावाला कारण विचारावं लागत नाही.

लेनुत्सा, तिंकाची सून, माझ्या कानाशी लागली, "फादरने थांबवलंय म्हणे तिला. मोठं काहीतरी असणार."

"मी कोणाबद्दल काही बोलत नाही," मी म्हटलं. न बोलायचा सूर असा लावला की बोलण्याहून जास्त पोचलं.

आज घास गोड लागला. जे आहे ते लिहिते.

२७ ऑगस्ट, रविवार

बोलले. त्याने सांगितलं होतं तसं, जोर लावून.

रमोना आली होती, पुढल्या फेरीची नावं घ्यायला. मी सुरुवात नेहमीसारखी केली: तपासणी करा, निकाल घ्या, बोलावलं तर जा. मग ती ओसरीत दिसली, दाराच्या चौकटीला टेकून, डोक्यावर काळा रुमाल. आणि माझ्या तोंडून जे निघालं ते मी घरून आणलेलं नव्हतं, पण शब्द न् शब्द तयार होता.

"विषाणू आभाळातून पडत नाही, बायांनो. कोणीतरी तो उंबऱ्याच्या आत आणतं. आपण कोणाच्या घरात काय नेऊन ठेवलं, हे ज्या बाईला प्रसादाला पुढे येता येत नाही तिने स्वतःला विचारावं. डॉक्टर शरीर तपासतात. बाकीचं तपासायला डॉक्टर लागत नाही."

सगळ्या माना ओसरीकडे वळल्या. ती उभी होती, मग नव्हती.

रमोनाने वही मिटली. व्हालेरिउ वेदीच्या दारात उभा होता आणि त्याचा चेहरा कोरा नव्हता.

घरी एवढंच म्हणाला, "तू काय केलंस तुला माहीत नाही."

"मग सांग."

तो बागेत गेला.

५ सप्टेंबर

मिरच्या भाजून भरणी केली. हात जळजळतायत. व्हालेरिउ काल सकाळी गाडी काढून फाटकात उभा होता, कुठे जायचंय विचारलं तर "आता कुठेच नाही" म्हणाला आणि गाडी परत आत घेतली.

१४ सप्टेंबर

तिंका आली, बसली नाही. तिच्या मुलाने, दोरूने, लेनुत्साची बॅग अंगणात फेकली. तिलाही पुढच्या तपासणीला बोलावलं होतं. तिने भोळेपणी नवऱ्याला सांगितलं. दोरू म्हणाला, पाद्रीणबाई स्वतः म्हणाल्या, आभाळातून पडत नाही, मग कोणाचाय सांग. पोरगी माहेरी गेली.

"मे महिन्यात तुम्ही उलटं सांगितलं होतं," तिंका म्हणाली. "माझं डोकं म्हातारं आहे, पण तेवढं धरतं. कुठलं खरं, बाई?"

मी म्हटलं, दोरू पहिल्यापासूनच तसला आहे.

"आहेच," ती म्हणाली. "त्याला फक्त काठी नव्हती मिळाली."

२२ सप्टेंबर

रमोनाचा फोन. "तुमच्या गावातून पाच जणींना दुर्बिणीच्या तपासणीला बोलावलं होतं. एकही आली नाही. एकीने तर दिवस ठरवून रद्द केला. नावं मी सांगणार नाही. पण तिचं थांबण्यासारखं नाही, एवढं सांगते. पाद्रीणबाई, मी वीस गावं फिरते. एवढं चांगलं बोलणारी बाई मला दुसरी भेटली नाही, आणि एवढं नुकसानही दुसऱ्या कोणी केलं नाही."

मी तिला सुनावलं. काय सुनावलं आठवत नाही. आवाज चढलेला होता एवढं आठवतं.

व्हालेरिउ आत आला. "तुला मला काही विचारायचंय," तो म्हणाला. "जूनपासून. विचार."

"मला काही विचारायचं नाही."

विचारलं तर तो उत्तर देईल. मग त्या उत्तराचं मी काय करू?

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

सगळं क्रमाने लिहिते.

उद्या इयाशी शहरात संत परास्किवाचा दिवस. दरवर्षी आमची बस जाते, तिच्या अस्थींच्या पेटीला हात लावायला लोक रस्त्यात तासन् तास रांग लावतात. बस आज सकाळी सुटणार होती. मी नावं पुकारत होते. स्मरांडा फाटकासमोरून भाजीची टोपली घेऊन चालली होती, रांगेकडे न बघता.

मला गप्प बसवेना. "का ग, संताच्याही पायाला हात लावायचा नाही? एवढं काय केलंयस?"

ती थांबली. टोपली खाली ठेवली, कारण तिला ती धरवत नव्हती. माझ्या अगदी जवळ आली आणि एवढ्या हळू बोलली की बसमधल्या कोणाला ऐकू गेलं नसेल.

"कशी लावू, बाई? जूनपासून अंगावरून जातंय. थांबतच नाही."

अडचणीच्या दिवसांत बाईने प्रतिमेला ओठ लावायचे नाहीत. प्रसाद घ्यायचा नाही. वेदीच्या भाकरीच्या पिठात हात घालायचा नाही. जुन्या वळणाच्या बायका उंबऱ्याच्या आतही येत नाहीत. हे या गावातल्या पोरींना कोणी शिकवलं? मी. दहा-बारा वर्षांच्या पोरींना बाजूला घेऊन, लाजू नका म्हणून, मी शिकवलं. काळा घागरा. पांढरा चेहरा. ओसरी. सगळं माझ्यासमोर उभं होतं चार महिने, आणि मी पाप शोधत होते.

"फादरना माहीत होतं?"

"पापनिवेदनात सांगितलं. ते म्हणाले, तुझं प्रायश्चित्त हेच, डॉक्टरकडे जा. पापं नंतर बघू. चार सप्टेंबरला स्वतः गाडीने नेणार होते." ती श्वास घ्यायला थांबली. "तुमचं भाषण सत्तावीस ऑगस्टला झालं."

तिंका बसच्या पायरीवर उभी होती. "चला की, संत काय थांबतेय?"

मी स्मरांडाचा दंड धरला. "चल."

"मला पेटीला शिवता येणार नाही."

"पेटीकडे नाही चाललो आपण."

बसमध्ये तिला खिडकीशी बसवलं. सगळ्या बघत होत्या, कोणी काही विचारलं नाही. गावातून बाई शहरात कशाला गेली याचं याहून चांगलं कारण नाही. संतालाही आमची अडचण समजेल. मी रमोनाला फोन केला. माफी मागितली नाही, वेळ नव्हता. फक्त म्हटलं, आणतेय. तिने पलीकडून सगळं जमवलं. यात्रेच्या गर्दीतून हॉस्पिटलपर्यंत आम्ही चालत गेलो, तीनदा बसत.

डॉ. नेगुरा, तरुण, केस वर बांधलेले. कॉम्प्युटरवर बघून म्हणाल्या, "पेशी बऱ्याच बदललेल्या, विषाणू सोळा नंबरचा. जूनमध्ये बोलावलं होतं तुम्हाला."

सोळा.

तिचा सोळा, माझा बावन्न. म्हणजे तिचा तिच्याकडे, माझा माझ्याकडे. आणि ती पडद्याआड पाय वर घेऊन पडलेली असताना, डॉक्टर कात्रीने नमुना घेत असताना, तिने तोंडात रुमाल धरलेला असताना, माझ्या छातीवरचा दगड उतरला. हलकं वाटलं मला. लिहून ठेवते, कारण हे मी कोणाला सांगणार नाही. आणि त्याच श्वासात दुसरा विचार आला: मग बावन्न कोणाचा?

असली मी आहे.

बाहेर बाकावर ती म्हणाली, "तुम्हाला वाटलं मी आणि फादर."

"हो."

"लाकडं फोडली म्हणून?"

"लाकडं, भाकर, सगळंच."

ती हसायला गेली, पोटात दुखलं म्हणून थांबली. "इटलीत एक म्हातारी होती माझ्याकडे. तिला वाटायचं मी तिच्या नवऱ्यावर डोळा ठेवलाय. नवरा मरून अकरा वर्षं झाली होती." मग हसू गेलं. "तिचं डोकं गेलेलं होतं, बाई. तुमचं तर नाही."

२३ ऑक्टोबर

निकाल. कॅन्सर आहे. गर्भाशयाच्या तोंडापुरता असावा, ऑपरेशन करणार. सगळं काढणार.

व्हालेरिउ तिला घेऊन गेला. मी दोघांना फाटकातून जाताना बघितलं आणि पुढच्या सीटवर ती बसली हेही बघितलं. डोळ्यांना सवय लागलीय.

६ नोव्हेंबर, सोमवार

ऑपरेशन झालं. मी बाहेर होते. डॉ. नेगुरांनी हात पुसत सांगितलं, पसरलेला दिसत नाही, ती वाचेल असं वाटतं.

मी विचारलं, सप्टेंबरच्या सुरुवातीला आली असती तर?

"तर कदाचित थोडंच काढून भागलं असतं. कदाचित नसतं."

"म्हणजे नक्की काय?"

"नक्की असं काही नाही. त्या सहा आठवड्यांत काय बदललं हे कोणीही सांगू शकणार नाही."

मी असंच एक वाक्य मे महिन्यात चर्चमध्ये उभं राहून सांगितलं होतं, किती ऐटीत. सांगणाऱ्याला ते हलकं असतं.

स्मरांडा अडतीस वर्षांची आहे. पलीकडच्या गावातला एक मधमाश्या पाळणारा तिला विचारत होता, हे मला आज तिंकाने सांगितलं. सगळ्या गावाला माहीत होतं. मला माहीत नव्हतं, कारण मी दुसऱ्याच फाटकाकडे बघत होते.

१२ नोव्हेंबर, रविवार

व्हालेरिउने खूण केली नाही. मीच उभी राहिले.

"मे महिन्यात मी तपासणी करून घेतली. पेशी स्वच्छ आहेत हे मी तुम्हाला सगळ्यांना सांगितलं. दुसरा निकाल सांगितला नाही. मला विषाणू आहे. मला, पाद्रीणबाईला. ऑगस्टमध्ये मी इथे उभी राहून जे बोलले ते खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे मला बोलताना माहीत होतं. मी ते एका बाईला लागावं म्हणून बोलले. तिला लागलं. ती हॉस्पिटलमध्ये आहे. तिने काही केलेलं नाही. अजून चौघींना बोलावलंय. त्या कोण मला माहीत नाही. माझ्या तोंडाकडे बघू नका, जा."

लांबलं नाही. इतकं छोटं मी कधी बोलले नव्हते. व्हालेरिउ माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्याकडे आता सगळं चर्च बघत होतं, कारण एकच पुरुष असलेल्या बायकोला विषाणू आहे म्हटल्यावर हिशोब कोणालाही येतो. हे मला घरी जाताना सुचलं. त्याला तिथेच सुचलं असणार. तो तरीही पुढे आला, सगळ्यांना भाकरीचे तुकडे वाटायला, आणि पहिला तुकडा मला दिला.

घरी मी विचारलं. सूप वाढताना.

"तुझ्याशी लग्न झाल्यापासून कोणी नाही," तो म्हणाला.

"आणि आधी?"

त्याने चमचा ठेवला. "आधीचं मी पाद्र्याची वस्त्रं अंगावर घ्यायच्या आधी माझ्या गुरूंपुढे गुडघे टेकून सांगितलं. त्यांनी ऐकून परवानगी दिली. तुला सांगायचं धैर्य नव्हतं. एक मुलगी होती, सैन्यात असताना. एक उन्हाळा."

"नाव?"

"ओतिलिया."

"तिचंही ओतिलिया?"

"तुला हाक मारतोय. पुरे म्हणून."

आता मी एका वीस वर्षांच्या पोरीचा मत्सर करते, जी आज कुठेतरी आजी झाली असेल. तिच्याकडून आला की कुठून, तेही कळणार नाही. त्याच्या बोलण्यावर विश्वास बसला असं लिहायला हवं. बराचसा बसला.

१८ नोव्हेंबर, शनिवार

रमोनाचा फोन: चौघींपैकी तिघी येऊन गेल्या. उरली ती कोण, तिने सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. लेनुत्सा माहेराहून परत आलीय, पण दोरू तिला घराबाहेर पडू देत नाही. डॉक्टरकडे गेलीस म्हणजे कबूल केलंस, असं म्हणतो.

दोरूकडे गेले. चिखल घोट्यापर्यंत. दोरू ट्रॅक्टरखाली होता. सावकाश बाहेर आला, हात पुसत. त्याचे दोन शेजारी कुंपणाशी विड्या ओढत उभे.

"या, पाद्रीणबाई. आता काय सांगायला आलात? पडतो की नाही आभाळातून?"

"लेनुत्साला सोमवारी शहरात न्यायचंय. तू ने, नाहीतर मी नेते."

"तुमच्यात कोणी आणला?" त्याने शेजाऱ्यांकडे बघत विचारलं. "तुम्हालाही आहे ना? सगळ्यांसमोर म्हणालात. मग कोणी? तुम्ही की फादरने?"

शेजाऱ्यांपैकी एक हसला, दुसऱ्याने मान खाली घातली. दारात लेनुत्सा उभी होती, ओले हात ॲप्रनमध्ये.

मला मोठं उत्तर येत होतं. घशापर्यंत आलेलं, धारदार, दोरूच्या बापापर्यंत पोचणारं. मी ते गिळलं.

"माहीत नाही," मी म्हटलं. "कधी कळणारही नाही. तो घरीच आहे. मी त्याची बॅग बाहेर टाकलेली नाही. आज सकाळी त्याला चहा करून दिला."

दोरू बराच वेळ हात पुसत राहिला. ते केव्हाच कोरडे झाले होते.

"सोमवारी किती वाजता?" दारातून लेनुत्साने विचारलं. मला नाही, त्याला.